‘मेन बंद केला होता हो, डॉक्टर’

श्रावणातली दुपार होती. आमच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एका बाईंना रिक्षातून आणलं. वय चाळिशीचं, अंगावरची साडी ओली, उजव्या तळहातावर ज्वारीच्या दाण्याएवढा करडा-पांढरा डाग. बाकी अंगावर ओरखडासुद्धा नाही. ईसीजीची रेघ सरळ. घटना घडून पंचवीस-तीस मिनिटं झाली होती आणि तेवढ्या वेळात कुणीही त्यांच्या छातीवर दाब दिलेला नव्हता. आम्ही बराच वेळ प्रयत्न केले. त्या परत आल्या नाहीत.

त्यांच्याबरोबर त्यांचे दीर होते. त्यांचाही हात भाजला होता. मलमपट्टी करून घेताना ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘मेन बंद केला होता हो, डॉक्टर. मी आधी मेनच बंद केला होता.’

ते खरं बोलत होते. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत, पण हा नाही.) जुना वाडा, त्यात सात भाडेकरू. चौकात कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली. तिचं एक टोक लाकडी खांबात ठोकलेल्या खिळ्याला. त्याच खांबावरून, कित्येक वर्षांच्या रंगाखाली दडलेली, वायरिंगची लाकडी पट्टी वर गेलेली. पट्टीतल्या वायरचं रबर सुकून गळून गेलेलं, पावसाने खांब ओला. तारेत वीज उतरली होती आणि ती वीज यांच्या मीटरवरची नव्हतीच. जिन्यातल्या दिव्यासाठी वरच्या भाडेकरूकडून कधी काळी ओढलेली ती वायर होती. यांनी आपला मेन स्विच खाली केला, घरातले दिवे गेले आणि आता धोका नाही असं समजून त्यांनी वहिनींचा हात धरला. शेजारच्या एका आजींनी वेळूच्या काठीने तार दूर लोटली म्हणून निदान हे तरी वाचले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि तीच माझ्या जास्त लक्षात राहिली आहे. पावसाळ्यात त्या तारेला हात लावला की झिणझिण्या यायच्या. सगळ्या वाड्याला ते ठाऊक होतं. म्हणून पावसाच्या दिवसांत बायका पायात रबरी चपला घालून कपडे वाळत घालायच्या. दोन-तीन वर्षं हे असंच चालू होतं. त्या दिवशी वहिनी अनवाणी होत्या, एवढाच फरक.

छातीत दुखतं असं कुणी सांगितलं तर आपण त्याला डॉक्टरकडे पिटाळतो. पण नळाला, फ्रिजला, गिझरला झिणझिण्या येतात असं सांगितलं तर ‘जरा चप्पल घालून हात लाव’ असं सांगतो. मी स्वतःही सांगितलं आहे, त्याबद्दल पुढे येईलच. झिणझिण्या हे लक्षण आहे. विजेने आपल्या शरीरातून जमिनीकडे जायची वाट शोधली आहे, फक्त अजून ती वाट अरुंद आहे, एवढंच त्यातून कळतं.

अरुंद म्हणजे किती, ते आकड्यांत पाहू. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. शरीरातून किती प्रवाह जाईल ते मुख्यतः त्वचेच्या रोधावर ठरतं. कोरड्या, राठ तळहाताचा रोध कित्येक हजार ओहम असतो, ओल्या त्वचेचा हजाराच्या आसपास उतरतो. साधा एक मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग, शरीरातून गेला तर मुंग्या आल्यासारखं वाटतं. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आखडतात, की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘विजेने ओढून धरलं’ असं आपण म्हणतो. वीज ओढत नाही, आपलीच मूठ आवळली जाते, कारण मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही ‘सोडता येण्याची’ मर्यादा मोजली. स्त्रियांमध्ये ती पुरुषांपेक्षा कमी भरली. त्याच्या थोडं वर गेलं की छातीचे स्नायू आखडून श्वास अडतो. आणि पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह एका हातातून छातीमार्गे पायाकडे सेकंद-दोन सेकंद गेला, तर हृदयाचे खालचे कप्पे ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरू लागतात. हृदय हलतं, पण रक्त पुढे जात नाही. माणूस दहा-पंधरा सेकंदांत बेशुद्ध होतो.

आता भागाकार करा. २३० व्होल्ट, हजार ओहम. उत्तर येतं २३० मिलिअँपिअर. ओले हात, ओले पाय एवढंच लागतं. चपलेमुळे झिणझिण्यांवर निभावणं आणि अनवाणी पायांनी मरणं यांत विजेच्या बाजूने काहीच बदललेलं नसतं.

‘पण आमच्याकडे फ्यूज आहे की,’ असं बहुतेक जण म्हणतात. फ्यूज माणसासाठी नसतोच, तो वायरसाठी असतो. दिव्यांच्या लाइनवरचा पाच अँपिअरचा फ्यूज पाच हजार मिलिअँपिअरपर्यंत शांत बसतो. माणूस मरायला त्याचा पन्नासावा भाग पुरतो. तुम्ही तारेला चिकटून तडफडत असता आणि फ्यूजच्या दृष्टीने घरात आणखी एखादा मंद दिवा लागलेला असतो. नव्या पद्धतीचे एमसीबी बसवले तरी याबाबतीत फरक पडत नाही. ते वायर तापण्यापासून आणि शॉर्टसर्किटपासून वाचवतात. त्यात जुन्या घरांत पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतात आणि ते वारंवार उडतात म्हणून कुणीतरी त्यात जाड तार किंवा वायरचे चार पदर पिळून घातलेले असतात. मग फ्यूज उडत नाही, वायर जळते.

ही वायर कशाची असते तेही पाहण्यासारखं आहे. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि त्यानंतरच्या काही दशकांत आपल्या शहरांतल्या वाड्यांमध्ये, चाळींमध्ये दिवे आले. त्या काळच्या वायरिंगमध्ये कल्हई केलेल्या तांब्याच्या तारेवर रबर, रबरावर सुती विणीचं आवरण आणि हे सगळं सागवानी पट्टीच्या खाचेत बसवून वर लाकडाचं झाकण असे. कारागिरी उत्तम, यात शंकाच नाही. पुढे लाकडी पट्टीवर क्लिपा मारून बसवलेल्या वायरी आल्या, त्यानंतर पीव्हीसी. मधल्या काळात तांब्याच्या टंचाईमुळे ॲल्युमिनिअमच्या तारा आल्या. त्या तापून-निवून जोडांपाशी सैल होतात आणि सैल जोड हा वायरिंगमधला सगळ्यात गरम भाग असतो. रबराचं तर वयच झालेलं असतं. उष्णतेने आणि हवेने ते कडक होतं, तडकतं. हात लावला नाही तर जागच्या जागी टिकून राहतं. नवा पंखा लावायला कुणी वायर ओढली, की जुन्या पापडासारखा त्याचा चुरा होतो. म्हणून ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे खरं असलं तरी उद्याचा भरवसा त्यातून मिळत नाही.

शिवाय ते वायरिंग झालं होतं चार दिवे आणि एका रेडिओसाठी. आता त्याच वायरवर दोन हजार वॅटचा गिझर येतो, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, तिप्पट तर नऊपट. आणि ही तापलेली वायर जाते कुठून? तर शंभर वर्षं वाळलेल्या कडीपाटाला लागून, माळ्यावरच्या जुन्या वह्या आणि गाद्यांच्या मागून, उंदरांच्या वाटेवरून.

अर्थिंग तर अनेक ठिकाणी नसतंच. जिथे असतं तिथे पुष्कळदा हिरवी वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असते. पूर्वी तो पाइप जमिनीतून यायचा, त्यामुळे चालून जायचं. मग गंजला म्हणून प्लंबरने त्याच्या जागी प्लॅस्टिकचा पाइप टाकला. नळाला पाणी उत्तम येऊ लागलं, पण घराचं अर्थिंग त्याच दिवशी गेलं आणि कुणाला कळलंही नाही. त्यानंतर गिझरमध्ये बिघाड झाला, तर वीज जमिनीत जाण्याऐवजी उरलेल्या लोखंडी तुकड्यावर, नळाच्या तोटीवर थांबून राहते. कुणीतरी तोटी धरेपर्यंत.

आता माझी गोष्ट. वाईला आमचं जुनं घर आहे. ओसरी, माजघर, मागे न्हाणीघर, वर माळा. आई अनेक वर्षं तिथे एकटी राहत होती. न्हाणीघराच्या नळाला ‘जरा मुंग्या येतात’ असं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा मी, एक एम.डी. डॉक्टर, तिला रबरी चपलांचाच सल्ला दिला होता. श्रावणातल्या त्या दुपारी घरी आल्यावर पहिला फोन मी आईला केला आणि पुढच्या रविवारी वाईला गेलो.

तिथल्या वायरमनने मीटरजवळ आरसीसीबी बसवला. हे यंत्र मोठं साधं आणि हुशार आहे. घरात जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह ते सतत ताडून पाहतं. दोन्ही सारखे असतील तर ठीक. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुठून तरी, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत जाते आहे. मग ते सेकंदाच्या लहानशा भागात पुरवठा तोडतं. धक्का बसतो, पण हृदयाची थरथर सुरू व्हायच्या आत सुटका होण्याची शक्यता फार वाढते. अर्थिंग नसलं तरी ते काम करतं, मात्र मग माणसाचा हात लागल्यावरच करतं. अर्थिंग असेल तर हात लागायच्या आधीच. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर तेही काही करू शकत नाही, कारण त्याच्या हिशेबात काही कमी पडलेलं नसतं.

तर हे यंत्र बसवलं आणि दोन दिवसांत आई वैतागली. दिवसातून चार-पाच वेळा सगळ्या घराची लाइट जायची. देवघरातला दिवा लावला की गेली, पाऊस आला की गेली. वायरमनचा फोन आला, ‘साहेब, जुन्या घराला हे चालत नाही. काढून टाकू का? कुणीच ठेवत नाही.’

कुणीच ठेवत नाही, हे मात्र बरोबर होतं. मी नंतर चार-पाच घरांत चौकशी केली, तर दोन ठिकाणी आरसीसीबी बसवून, सारखा पडतो म्हणून, जोडणी त्याला वळसा घालून केलेली होती. पेटीत दिसतो, पण काम करत नाही. तापमापकात ताप दिसतो म्हणून तापमापक फोडण्यातलाच हा प्रकार. स्विच पडतो कारण घरात गळती आहे, किंवा एका खोलीची न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या, नाहीतर शेजाऱ्याच्या लाइनला जोडलेली आहे. वाड्यांमध्ये हे दुसरं कारण फार आढळतं. पिढ्या वाढल्या, भिंती घातल्या, वायरी एकमेकांत मिसळल्या. ज्या घोळाने मेन बंद असूनही तार जिवंत राहिली, तोच हा घोळ, आणि आरसीसीबी तो आधी दाखवून देतो.

शेवटी परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलावलं. त्याने मेगर आणला. हे मला आमच्या तपासणीच्या यंत्रांसारखंच वाटलं. सगळी उपकरणं काढून, पुरवठा तोडून, वायर आणि जमीन यांच्यामध्ये पाचशे व्होल्टचा दाब देऊन आवरणाचा रोध मोजायचा. निदान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम यायला हवा. ओसरीच्या लाइनचा बरा आला. माजघर आणि न्हाणीघराचा काटा शून्याच्या जवळ बसून राहिला. आई बाजूला उभी राहून बघत होती. तिने विचारलं, ‘म्हणजे इतके दिवस मी कशात राहत होते?’

पुढचं काम पंधरा दिवस चाललं. जुन्या घरात नवं वायरिंग करताना एक मोह टाळावा लागतो, तो म्हणजे भिंतीत खाचा पाडून सगळं आत दडवण्याचा. माती-चुन्याच्या भिंतींना आणि सागवानी तुळयांना तो घाव सोसत नाही. आम्ही नळ्या भिंतीवरूनच, कोपऱ्यांच्या आणि तुळयांच्या कडेने नेल्या. दिसतात. मला त्याचं काही वाटत नाही. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाकीचं घर यांच्या लाइन वेगळ्या केल्या, प्रत्येकीची न्यूट्रल तिची तिला. जुनी वायर कुठेही तशीच सोडली नाही, दोन्ही टोकांनी सोडवून काढून टाकली. मागच्या परसात खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी घालायचं काम आईने तुळशीला पाणी घालण्याबरोबर जोडून टाकलं. ओसरीवरचे काळे गोल स्विच तिला ठेवायचे होते. ठेवले, पण त्यांच्यामागे आता वायर नाही. आरसीसीबी त्यानंतर विनाकारण पडलेला नाही. महिन्यातून एकदा त्यावरचं चाचणीचं बटण दाबायचं असतं, तेही ती करते.

आमचं घर मालकीचं, कमावता मुलगा, एकच चूल. म्हणून हे जमलं, याची मला जाणीव आहे. त्या सात भाडेकरूंच्या वाड्यात कोण करणार? मालकाला महिन्याकाठी मिळणारं भाडं चहाच्या दोन फेऱ्यांइतकं. वाडा पडला तर बरा, असं त्याला मनातून वाटत असतं. भाडेकरू म्हणतात, उद्या पुनर्विकास झाला तर खर्च पाण्यात. महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्यात जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि त्याने ती टाळली तर नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करता येते, खर्च काही मर्यादेत भाड्यातून वळता करता येतो. पण भाडंच इतकं कमी, की वळतं करणार काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं गेल्याची नोंद असते. त्यांतली किती अशा सामायिक भिंतींवर गेली, हे त्या रकान्यांत लिहिलेलं नसतं.

सगळ्या वाड्याचं वायरिंग बदलणं उद्या शक्य नसेल, तर निदान सामायिक वायरी कुठून कुठे जातात ते एकदा माहीतगार माणसाकडून शोधून घ्या. प्रत्येक मीटरमागे एक आरसीसीबी बसवा आणि तो पडला तर काढू नका, कारण शोधा. आणि कुणाला वीज लागलीच, तर वाड्यातले सगळे मेन बंद करा, फक्त आपला नव्हे. ते जमेपर्यंत अंगाला हात लावू नका. कोरड्या जागेवर उभं राहून कोरडी काठी किंवा प्लॅस्टिकची खुर्ची वापरून माणूस आणि तार वेगळी करा. तो बोलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल (मधूनमधून आचके देणं हा श्वास नव्हे), तर १०८ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने छातीच्या मधोमध, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. विजेने थांबलेली हृदयं बहुधा आधी निरोगी असतात, त्यामुळे ती पुन्हा चालू होण्याची आशा इतरांपेक्षा जास्त असते. रिक्षा शोधण्यात गेलेली दहा मिनिटं मात्र परत येत नाहीत. धक्का बसून शुद्ध हरपली असेल, छातीत धडधडत असेल, बाई गरोदर असेल किंवा भाजलं असेल, तर माणूस चालता-बोलता असला तरी ईसीजी काढून घ्या. आतले स्नायू जळाले तर लघवी कोकाकोलाच्या रंगाची होते, तेव्हा तर ताबडतोब रुग्णालयात या.

ते दीर महिन्याभराने हात दाखवायला आले होते. जखम भरली होती, दोन बोटं अजून नीट मिटत नव्हती. मी वाड्याची चौकशी केली. ते म्हणाले, बैठक झाली सगळ्यांची. मालकही आले होते. चौकातली तार काढून टाकली आहे आणि नायलॉनची दोरी बांधली आहे.

मी विचारलं, ‘आणि खांबावरची वायर?’

‘ती आहे,’ ते म्हणाले. ‘जिन्यात अंधार होतो ना.’